‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढचे नाव

मराठी पुस्तकपरीक्षणाच्या शेवटी एक छोटी चौकट असते. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, मूल्य. पृष्ठे दोनशे चाळीस की दोनशे अठ्ठेचाळीस हे त्यात नेमके सांगितलेले असते. मुखपृष्ठ कोणी केले हे बहुधा नसते. परीक्षणाच्या मजकुरात चित्रकाराच्या वाट्याला एक वाक्य येते, तेही अखेरच्या परिच्छेदात, छपाई आणि बांधणीच्या जोडीने: ‘मुखपृष्ठ समर्पक आहे.’ समर्पक म्हणजे कशाला समर्पक, कोणत्या अर्थाने, चित्रकाराने पुस्तकातले काय उचलले आणि काय सोडले, याचा खुलासा नसतो. हे विशेषण कादंबरीलाही चालते, पाकशास्त्राच्या पुस्तकालाही चालते.

गेली काही वर्षे मी जुन्या मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे पाहतो आहे, जमेल तशी जमवतोही आहे. कलाशाळेत मी शिकलेलो नाही. जे कळले ते रद्दीच्या दुकानांत, ग्रंथालयांत आणि जुन्या छापखान्यांतल्या माणसांशी बोलून कळले. मी राहतो त्या जुहू-पार्ले-अंधेरी पट्ट्यात डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांची आता दाटी आहे. तिथली मुले-मुली अधूनमधून भेटतात आणि एकच प्रश्न विचारतात: पुस्तकांची मुखपृष्ठे, पुस्तकांतली चित्रे यांत काम करायचे तर सुरुवात कुठून करायची? मराठीच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की एक विचित्र गोष्ट हाती लागते. आपली उत्तम मुखपृष्ठे ज्यांनी केली त्यांच्यातल्या बहुतेकांची सुरुवात मुखपृष्ठापासून झाली नाही, आणि त्यांचा चरितार्थही त्यावर चालला नाही. हा धंदा मराठीत कायम दुसऱ्या धंद्याच्या आधाराने उभा राहिला. तो तसा का राहिला, याचे एक कारण पैसा आहे. दुसरे कारण आपण, म्हणजे वाचक, परीक्षक आणि ग्रंथपाल आहोत, आणि या लेखात मला त्याबद्दल बोलायचे आहे.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यापासून पाहू. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मकथनाचे नावच त्यांचा खरा व्यवसाय सांगते: मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतली नोकरी. नोकरी सांभाळून त्यांनी पुस्तकांसाठी अमाप चित्रे काढली. एस. एम. एडवर्ड्‌स यांच्या मुंबईवरच्या पुस्तकात त्यांची चित्रे आहेत, किंकेड यांनी इंग्रजीत आणलेल्या आपल्या व्रतकथांच्या १९१४ सालच्या पुस्तकातही आहेत. व्रतकथांच्या चित्रांत साड्यांचे काठ, देवघरातली भांडी, पंगतीतली बैठक यांचा तपशील असा आहे की इंग्रज लेखकाच्या मजकुराला त्याने घर मिळवून दिले. पण ही इंग्रजी पुस्तके होती आणि त्यांचे प्रकाशक मोठे होते. मराठी प्रकाशकाला असा खर्च तेव्हा झेपणारा नव्हता.

मराठी चित्रकाराला दार उघडले ते पुस्तकांनी नव्हे, नियतकालिकांनी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा भरपूर चित्रांचा, जाहिरातींवर खर्च भागवणारा एक छापील प्रकार मराठीत रुजला. साहित्याच्या इतिहासात दिवाळी अंकाचे श्रेय कथेच्या खात्यावर जमा होते. मला ते चित्राच्या खात्यावरही मांडावेसे वाटते. एका अंकात पंधरा-वीस कथा, प्रत्येकीला शीर्षकचित्र, शिवाय व्यंगचित्रे, पानपूरके आणि मुखपृष्ठ. हे सगळे दोन-तीन महिन्यांत हवे. एवढे काम एका हाताने होत नाही, म्हणून नव्या हातांना बोलावणे जाते. नवोदित चित्रकाराला कथा आज मिळते आणि चित्र परवा द्यायचे असते. कथा वाचून त्यातला एकच क्षण निवडायचा आणि शेवट फोडायचा नाही, ही शिस्त कुठल्याही वर्गात शिकवतात त्याहून लवकर इथे अंगी लागते. मुखपृष्ठकाराची मराठीत एखादी शाळा असेल तर ती हीच.

या शाळेचे सर्वांत यशस्वी विद्यार्थी दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६). दोघेही मूळचे गोव्याचे, दोघांचीही कारकीर्द मुंबईत घडली. दोघांच्या शैलीची तुलना पुष्कळ झाली आहे: दलालांची ठाम, वळणदार बाह्यरेषा आणि सपाट रंगांचे धाडस, मुळगावकरांची फवाऱ्याने साधलेली मऊ, साटिनसारखी त्वचा. त्यांच्या हिशेबाच्या वहीकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला. मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढला. म्हणजे मराठीतले हे दोन सर्वांत लोकप्रिय चित्रकार स्वतः प्रकाशक झाले. याला मी हौस म्हणणार नाही. चित्राची किंमत, आकार, छपाई आणि नाव या चारही गोष्टी चित्रकाराच्या हाती राहण्याचा तो एकच मार्ग होता. जाहिराती आणि दिनदर्शिका यांवर घर चाले, आणि त्या बळावर कथा-कादंबऱ्यांची मुखपृष्ठे होत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची मुळगावकरांची चित्रे पाहावीत. पातळ, स्वस्त पुस्तक. ते घेणारा वाचक आधी चित्र पाहून थांबे, मग नाव वाचे. त्या विक्रीत चित्राचा वाटा किती हे कोणी मोजलेले नाही, पण तो लहान नव्हता हे त्या काळी फिरत्या वाचनालयातून ही पुस्तके आणलेला कोणीही सांगेल.

या काळातले एक तांत्रिक अंग समजून घेतल्याशिवाय त्या मुखपृष्ठांचा न्याय करता येत नाही. चित्र ब्लॉकवरून छापले जाई. रेषेचे चित्र असेल तर जस्ताच्या पत्र्यावर लाइन ब्लॉक. छायाभेद हवे असतील तर बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक, आणि त्याला गुळगुळीत आर्ट पेपर हवा. प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक आणि यंत्रातून वेगळी फेरी. दुसऱ्या फेरीत कागद केसभर सरकला की नायिकेचे ओठ गालावर. त्यामुळे गरीब प्रकाशकाचा चित्रकार दोन रंगांत विचार करायला शिके, आणि तिसरा रंग कागदाच्या पांढऱ्याकडून फुकट घेई. एक रंग दुसऱ्यावर चढवून तिसरा काढणे, अक्षरे रंगाच्या पट्ट्यातून कोरून पांढरी ठेवणे, या युक्त्या तिथून आल्या. साठच्या दशकातल्या अनेक मराठी मुखपृष्ठांचा जो संयम आज आपण आधुनिक म्हणून वाखाणतो, त्यात सौंदर्यदृष्टीइतकाच ब्लॉकमेकरच्या बिलाचा वाटा आहे. यात कमीपणा काही नाही. बंधनाचा फायदा घेता येणे हीच या कलेतली हुशारी, आणि त्या काळच्या पुस्तकांवर दिसणारे पद्मा सहस्रबुद्धे यांचे काम मला याच कारणासाठी पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. त्यांच्यावर कोणी सविस्तर लिहायला हवे.

पुढच्या पिढीने आधार बदलला. वसंत सरवटे (१९२७–२०१६) व्यवसायाने अभियंते होते, सिमेंटच्या कंपनीत नोकरीला. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी त्यांनी जे काढले त्यातून मराठी साहित्यविश्वाचा एक चेहराच तयार झाला. ‘ललित’ १९६४ साली सुरू झाले. त्यात जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ या नावाने सदर चालवले. त्या ठणठणपाळाला शरीर दिले सरवट्यांनी. लेखकाचे टोपणनाव आणि चित्रकाराचे पात्र इतके एकजीव झाले की पुढे दळवींना त्या आकृतीपासून वेगळे काढणे वाचकांना जड गेले. चित्राने मजकुराच्या मागे न चालता त्याच्या बरोबरीने चालणे याचे याहून चांगले मराठी उदाहरण मला माहीत नाही. ‘ललित’च्या दिवाळी अंकांवरची त्यांची मुखपृष्ठे म्हणजे लेखकांच्या अर्कचित्रांतून केलेली साहित्यसमीक्षाच आहे. सरवट्यांच्या एका पुस्तकाच्या नावात ‘रेषालेखक’ हा शब्द आहे. मुखपृष्ठाला सजावट म्हणणाऱ्यांना हा एकच शब्द पुरे. शि. द. फडणीस यांनीही नियतकालिकांच्या मुखपृष्ठांतून शब्दाविना हसवणारे चित्र घराघरांत पोचवले आणि मग ‘हसरी गॅलरी’ म्हणून ते प्रदर्शनात नेले. त्यांचीही पायवाट अंकातूनच निघते.

अरुण कोलटकरांचा आधार जाहिरातक्षेत्र. जे. जे.त शिकलेले, मुंबईच्या जाहिरातसंस्थांत वर्षानुवर्षे काम केलेले, कलादिग्दर्शक म्हणून त्या व्यवसायाचे मानाचे पुरस्कार मिळवलेले कोलटकर आपल्याला कवी म्हणूनच आठवतात. १९७६ साली आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघांनी ‘क्लिअरिंग हाउस’ या नावाने आपापले इंग्रजी कवितासंग्रह काढले. ‘जेजुरी’ त्यांतलाच एक. त्या पुस्तकांचे रूप कोलटकरांनी घडवले. नेहमीच्या कवितासंग्रहापेक्षा रुंद पान, ओळीला श्वास घ्यायला जागा, आणि एकत्र ठेवले की एका घरातले वाटावेत असे चार संग्रह. जाहिरातीत त्यांना लक्ष वेधण्याचे पैसे मिळत. इथे त्यांनी वाचकाचे लक्ष न ओरडता कसे धरावे हे दाखवले. पुढे अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’ने काढलेल्या त्यांच्या मराठी पुस्तकांतही मजकूर आणि मांडणी वेगळी काढता येत नाही.

बंगालीत याच वाटेने गेलेला एक माणूस जगप्रसिद्ध आहे. सत्यजित राय १९४३ साली कोलकात्यात डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत लागले आणि सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठे करू लागले. ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढताना त्यांना त्यात चित्रपट दिसला. फरक पुढे आहे. बंगाली वाचकाने राय यांची मुखपृष्ठे जपली, त्यांची पुस्तके केली, प्रदर्शने भरवली. चित्रपटांमुळे ते घडले हे खरे. तरी आज कोलकात्यातल्या नव्या मुखपृष्ठकाराला ‘माझ्या आधी काय झाले’ हे एका जागी पाहता येते. मुंबईतल्या मराठी मुलीला ते पाहायचे असेल तर रद्दीच्या दुकानात जावे लागते.

आता आजचा हिशेब. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती एके काळी हजार-अकराशे प्रतींची असे. आज पाचशेची असणे सामान्य आहे, आणि छपाई मागणीप्रमाणे होऊ लागल्यापासून त्याहूनही कमी. मानू या की चित्रकाराने पाच हजार रुपये मागितले. पाचशे प्रतींवर तो खर्च प्रतीमागे दहा रुपये पडतो, आणि प्रकाशकाला तो डोळ्यांत भरतो. तेच पुस्तक पाच हजार प्रती छापले गेले असते तर प्रतीमागे एक रुपया. चित्रकाराने तर पाच हजारांत हस्तलिखित वाचायचे, तीन-चार कच्चे आराखडे करायचे, लेखकाची बायको, मित्र आणि वितरक यांनी सुचवलेले बदल झेलायचे. त्याच आठवड्यात जुहू-अंधेरीतली एखादी चित्रपट किंवा जाहिरात कंपनी तिला स्टोरीबोर्डची चौकट भरायला याच्या कितीतरी पट देते. ती तिकडे गेली तर तिला मराठीचे प्रेम नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

जुहूचेच एक उदाहरण. आमच्या इथले जगभर माहीत असलेले प्रकाशन म्हणजे भक्तिवेदांत बुक ट्रस्ट. ‘भगवद्गीता जशी आहे तशी’ हे त्यांचे मराठी पुस्तक घराघरांत दिसते. त्यावरचे रथावरच्या कृष्णार्जुनाचे चित्र एकाच रूपात अनेक भाषांतल्या आवृत्त्यांवर जाते. त्या ग्रंथमालेची चित्रे सुरुवातीला परदेशी शिष्यांनी सेवा म्हणून रंगवली. दलाल-मुळगावकरांच्या दिनदर्शिकेवरच्या कृष्णाशी त्यांची तुलना करून पाहावी: तिकडचा कृष्ण प्रकाशाने भरलेला, पाश्चात्त्य तैलरंगाच्या सवयीने घडवलेला, इकडचा बालगंधर्वांच्या रंगभूमीवरून थेट आलेला. मुद्दा असा की चित्र हे पुस्तकाची कायमची ओळख असू शकते आणि त्यासाठी ते बदलत राहण्याची गरज नाही, हे त्या प्रकाशनाला कळले. लौकिक मराठी प्रकाशक मात्र दर आवृत्तीला मुखपृष्ठ बदलतो, बरेचदा आधीच्यापेक्षा वाईट करतो, आणि जुन्या चित्रकाराचे नाव श्रेयाच्या पानावरून नाहीसे होते.

आयत्या छायाचित्रांच्या साठ्यातून उचललेली मुखपृष्ठे गेली पंधरा-वीस वर्षे येतच आहेत: सूर्यास्त, पाठमोरी स्त्री, एकटे झाड. त्यात आता यंत्राने क्षणात बनवलेल्या चित्रांची भर पडली. यांच्यावर माझा आक्षेप तंत्राचा नाही. मुळगावकरांचा फवाराही यंत्रच होते. आक्षेप असा की अशा चित्राने हस्तलिखित वाचलेले नसते. विषय ‘ग्रामीण’ असे कळवले की बैलगाडी येते, कादंबरीत ट्रॅक्टरच्या कर्जाची गोष्ट असली तरी. शिवाय यांत अक्षरे सर्वांत कच्ची असतात. देवनागरीच्या शिरोरेषेला, वेलांटीला, जोडाक्षराला जागा लागते. ती चित्रातच आधीपासून धरावी लागते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावे अशी घडवली की नावातच नाटक वाचता यावे, आणि र. कृ. जोशी यांनी कवी, सुलेखनकार आणि संगणकाच्या देवनागरीचे रचनाकार या तिन्ही नात्यांनी अक्षरावर विचार केला. मुखपृष्ठ करू पाहणाऱ्या मुलांना मी चित्रकलेच्या आधी हे दोघे पाहायला सांगतो. चांगले चित्र आणि वाईट अक्षर असेल तर मुखपृष्ठ पडते. उलट असेल तर बरेचदा तरते.

करार हा शब्द मराठी मुखपृष्ठाच्या व्यवहारात जवळजवळ नाही. फोनवर सांगितले, चित्र पाठवले, पैसे आले किंवा राहिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नवोदिताने वाचावीत अशी तीन कलमे आहेत. सतराव्या कलमानुसार मोबदला देऊन कोणी रंगचित्र करवून घेतले तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक करवून घेणारा ठरतो. म्हणजे गप्प राहण्याचा तोटा चित्रकाराला. एकोणिसावे कलम सांगते की हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि सत्तावन्नाव्या कलमाने निर्मात्याला आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क दिला आहे. चित्राचे बाकी सगळे हक्क विकले तरी तो उरतो. ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढे नाव छापा, ही मागणी म्हणजे मेहेरबानीची याचना नव्हे. तरुण चित्रकार ती करायला लाजतात, कारण पुढचे काम जाईल अशी भीती असते. ती भीती खोटी आहे असे मी त्यांना सांगू शकत नाही. म्हणूनच हे काम ज्यांचे काही जाणार नाही अशांनी करायला हवे: नावाजलेल्या लेखकांनी. प्रकाशकाशी स्वतःच्या मानधनाबद्दल बोलताना चित्रकाराच्या नावाचा आणि आकड्याचा विषय लेखकाने काढला तर तो टाळणे कठीण जाते.

आणि परीक्षकांनी. एखाद्या मुखपृष्ठाने कादंबरीचा चुकीचा अर्थ लावला असेल तर तसे लिहावे, नाव घेऊन लिहावे. प्रतिकूल का होईना, चार वाक्यांची चर्चा झाली तर चित्रकार या पुस्तकाचा एक वाचक आहे एवढे तरी मान्य होते. आज त्याला ना दोष मिळतो ना श्रेय. आणि ज्याचे मूल्यमापन होत नाही त्याचे मानधन वाढवावे असे कोणाला वाटणार? दिवाळी अंकांकडूनही अपेक्षा आहे. कित्येक अंकांत अजून ‘सजावट’ म्हणून पाच-सहा नावे एकत्र ओळीत येतात, कोणते चित्र कोणाचे हे वाचकाने ओळखायचे. हा लेख ज्या अंकात येईल त्याच्या अनुक्रमणिकेत चित्रकारांची नावे लेखकांच्याच टायपात असतील का, हे लिहिताना मला माहीत नाही. वाचकांनी पान उलटून पाहावे.

राहिला ग्रंथपालांचा भाग, आणि तो मला सर्वांत जाचतो. सार्वजनिक ग्रंथालयात नवे पुस्तक आले की ते टिकावे म्हणून बांधणीला जाते. वेष्टन असेल तर काढले जाते, कागदी मुखपृष्ठ पुठ्ठ्याच्या आत चिकटते किंवा जाते, वर हिरवे-तपकिरी रेक्झिन चढते आणि कण्यावर दाखलअंक. ग्रंथपालाचे म्हणणे बरोबर आहे: पुस्तक शंभर हातांतून जायचे असते. पण त्या शंभर हातांना मुखपृष्ठ कधीच दिसत नाही, आणि चाळीस वर्षांनी कोणी शोधायला गेले तर एका चित्रकाराचे अर्धे आयुष्य रेक्झिनखाली गेलेले असते. तालिकेच्या नोंदीतही लेखक, अनुवादक, संपादक यांना जागा असते. मुखपृष्ठकाराची नोंद करावी असे क्वचितच कोणाला वाटते. १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा याबाबत आपल्यापेक्षा उदार होता. राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायची प्रत पूर्ण हवी, नकाशे आणि चित्रांसह हवी, आणि त्या आवृत्तीतल्या उत्तम प्रतींसारखीच रंगवलेली आणि सजवलेली हवी, असे तो सांगतो.

बांधणीला पुस्तक पाठवण्यापूर्वी वेष्टन किंवा मुखपृष्ठ काढून, त्यामागे दाखलअंक आणि चित्रकाराचे नाव शिसपेन्सिलीने लिहून, ते एका खोक्यात सपाट ठेवायला फार तर दोन मिनिटे लागतात. एका उपनगरी वाचनालयात दोन स्वयंसेविकांनी हे सुरू केल्याचे मी पाहिले आहे. तीन खोकी भरली आहेत. त्यातल्या पहिल्या खोक्यात दलालांची दोन वेष्टने निघाली, एक सही नसलेले पण अक्षरांवरून ओळखता येणारे, आणि बरीचशी अशी की ज्यांच्यामागे पेन्सिलीने फक्त प्रश्नचिन्ह केले आहे.